आधी खोली झाडा, मग नकाशा काढा

इंटिरिअर डिझाइनची पदव्युत्तर पदवी घेऊन मुलगी नारायणगावला किंवा मंचरला घरी येते आणि घरचे विचारतात, "आता पुढे काय?" लॉज, रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्र यांच्या आतल्या रचनेचे काम आपल्या मनात असेल, तर ते आपल्याच भागात आहे. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज इथेच. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर हे दोन गणपती जुन्नर तालुक्यातच. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. पण शिक्षण संपल्यापासून इथल्या पहिल्या कामापर्यंतची वाट कोणी नीट सांगत नाही.

लगेच स्वतःचे ऑफिस थाटू नये. पुण्यामुंबईत हॉटेलांचीच कामे करणाऱ्या ऑफिसात दोन-तीन वर्षे काढावीत. तिथे बीओक्यू करायला शिकता येते. बीओक्यू म्हणजे कामातल्या प्रत्येक बाबीचे माप, संख्या आणि दर मांडलेली यादी. मॉक-अप रूमही तिथेच कळते. सगळ्या खोल्या करण्याआधी एकच खोली पूर्ण सजवून, वापरून, तपासून पाहतात, ती मॉक-अप रूम. इथे नेहमी होणारी चूक अशी, की हुशार नवख्याला थ्रीडी चित्रांना बसवतात आणि दोन वर्षे पडद्यासमोरच जातात. आपण साइट मागून घ्यावी. पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल.

यानंतरची पायरी कोणत्याच अभ्यासक्रमात नसते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. ओळखीच्या एखाद्या लॉजवर आठवडाभर साफसफाई करणाऱ्यांबरोबर राहावे. एका ठिकाणी मी पाहिले, पलंगाची एक बाजू भिंतीला चिकटवलेली होती. चादर खोचायला मावशी दर वेळी गादीवर गुडघे टेकून चढत होत्या. अशा चौदा खोल्या, रोज. नकाशात तो पलंग अगदी नेटका दिसत असणार. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट सोडले असते, तर त्यांची कंबर वाचली असती. बाथरूमचा उतार, झाडूला न पोहोचणारा कोपरा, धुतलेल्या चादरी ठेवायला नसलेली जागा, हे सगळे तिथेच दिसते.

मग पाहुणा ओळखावा. अष्टविनायकाचे यात्रेकरू रात्री उशिरा उतरतात, एका खोलीत पाच-सहा जण झोपतात आणि पहाटे चारला गरम पाणी मागतात. त्यांना कोपऱ्यातली शोभेची खुर्ची नको असते; जादा गाद्या रचायला कपाट, ओले कपडे वाळत घालायला दोरी आणि दाराशी चपलांना जागा हवी असते. माळशेजला पावसात येणारी तरुण मंडळी चिखल घेऊनच आत येतात. या दोन्ही प्रकारच्या पाहुण्यांना एकसारखी खोली देऊन भागत नाही.

सामान निवडताना आपला मुलूख लक्षात घ्यावा. पूर्वेकडे, नारायणगाव-मंचरच्या बाजूला पाऊस बेताचा. पश्चिमेला घाटमाथ्यावर चार महिने भिंती ओल्या. घाटाजवळच्या एका कामात जूनमध्ये बसवलेल्या कपाटांची दारे ऑगस्टमध्ये फुगून बंदच होईनात. प्लायवूड एमआर जातीचे होते, म्हणजे थोडाफार दमटपणा सोसणारे. तिथे बीडब्ल्यूपी हवे, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारे. त्यावर आयएस ७१० असा शिक्का पाहून घ्यावा. कारवीच्या काड्यांचा, वरून लिंपलेला कूडही विसरू नये. इथल्या जुन्या घरांत तो आहे आणि तो करणारे हातही अजून सापडतात. जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. तसल्या कागदाचा दिव्याचा आडोसा खोलीला गावाची ओळख देईल.

स्वतःचे पहिले काम बहुतेक नात्यातले असते: मामांचे मळ्यातले चार खोल्यांचे घर. अशा वेळी फी बोलायला जीभ रेटत नाही आणि तिथेच घोळ होतो. मामा असले तरी कागद करावा. नकाशे मंजूर झाल्यावर किती, निम्मे काम झाल्यावर किती, ताबा देताना किती, हे टप्पे त्यात लिहावेत. मालकाने मध्येच दोन खोल्या वाढवल्या, तर त्याचे वेगळे. गवंड्याच्या किंवा सुताराच्या बिलात आपली फी मिसळू देऊ नये. मालकाचा विश्वास एकदा गेला, की परत मिळत नाही.

दोन गोष्टी कायद्याच्या. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल, तर १९७२ च्या कायद्यानुसार आपल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. पाटीवर इंटिरिअर डिझायनर एवढेच लिहावे. आणि भिंत पाडायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला, म्हणजे इमारतीचा भार कशावर आहे हे तपासणाऱ्याला, दाखवावे.

ताबा दिला, फोटो काढले, की बहुतेक जण त्या जागेकडे फिरकत नाहीत. आपण पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, वही घेऊन परत जावे. काय फुगले, काय गंजले, मावशींना काय अडले, ते लिहून आणावे. पुढच्या मालकाकडे जाताना फोटोंच्या आधी ती वही दाखवा.