आजोबांचे गाणे

घरातील गाणारे आजोबा गेले की तसबिरीला हार चढतो, पेटीवर कापड पडते आणि त्यांच्या गळ्याविषयी चारचौघांत हळवे बोलले जाते. गाणे मात्र कोणी उचललेले नसते. नाशिकच्या एका घराण्याची हकीकत निराळी आहे.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे मुंबईतील विद्यालयाची वास्तू कर्जापायी गेली आणि पंचवटीचा रामनाम आधाराश्रम हेच त्यांचे ठिकाण झाले. तेथे ते रामायणाच्या गायनात रमले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये ते निवर्तले तेव्हा नाशिकातच जन्मलेले चिरंजीव दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. त्या वयात वडिलांची विद्या ती कितीशी हाती लागणार? ती होती शिष्यांपाशी. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी ती गुरुपुत्रास परत दिली. याहून मोठी गुरुदक्षिणा आमच्या ऐकिवात नाही. १९३५ मध्ये, चौदाव्या वर्षी, दत्तात्रेय जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. ज्या मुलांनी आजोबांना कधी पाहिले नव्हते, त्यांचे वडीलही हरपले. ध्वनिमुद्रिका तेवढ्या राहिल्या.

सर्वांच्या घरी विनायकराव येत नाहीत. खिशातील फोनवर आजोबांची भूपाळी मुद्रित करणे सोपे झाले आहे, आणि ती जरूर करावी. परंतु नातवाची चाल चुकली तर फोन त्याला थांबवीत नाही. शाळेपूर्वी अर्धा तास मिळतो. तेवढ्यात सारी भूपाळी उतरेल असे नाही. पहिले कडवे होते.