ओलीशी झुंज

तांब्याच्या तारेतून वीज न्यायला माणूस लवकर शिकला. ऊन-पावसात आणि मातीखाली तिला तारेतच राखायला मात्र त्याला कितीतरी वर्षं धडपडावं लागलं.

1880 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तारांचं जंजाळ होतं. सुताचं वेष्टण आणि त्यावर सफेद्याचा रंग, एवढंच अनेक तारांचं संरक्षण. भिजलं की ते कुचकामी. 1888 च्या हिमवादळात तारा कोसळल्या. पुढच्या वर्षी एक लाइनमन भररस्त्यात लोकांदेखत तारांमध्येच जळून मेला. मग पालिकेने खांब उतरवायला घेतले.

एडिसनने आधीच जमिनीखालची वाट धरली होती. 1882 च्या पर्ल स्ट्रीट वीजघरासाठी त्याने 20 फुटी लोखंडी नळ्या पुरल्या. आत अर्धगोल तांब्याच्या कांबी, त्यांना दोराचे वेढे आणि वरून ओतलेलं डांबर, जवसाचं तेल व मेणाचं गरम मिश्रण. पण दर 20 फुटांवर जोड आला, आणि ओल शिरायला जोडाइतकी सोपी जागा नाही.

समुद्रतळाच्या तारायंत्राच्या केबलींना तारणारं गटापर्चा, म्हणजे झाडाच्या चिकाचं रबरासारखं आवरण, इथे उपयोगी पडेना. पाण्यात ते टिके, हवेत तडकून जाई आणि उष्णतेने मऊ पडे.

लंडनमध्ये डेप्टफर्ड वीजघराच्या 10,000 व्होल्टच्या वाहिनीसाठी तरुण इंजिनिअर फेरांतीने वापरला मेणात मुरवलेला साधा तपकिरी कागद. एकात एक बसवलेल्या तांब्याच्या दोन नळ्या, मध्ये हा कागद आणि बाहेरची नळी जमिनीशी जोडलेली. अधिकाऱ्यांची खात्री पटावी म्हणून चालू केबलमध्ये छिन्नी ठोकून दाखवण्यात आली; छिन्नी धरणाऱ्याला काही झालं नाही. या केबलीचे काही भाग 1933 पर्यंत चालले.

कागदाचा वैरी पाणी. त्यावर तोड निघाली शिशाची. स्वित्झर्लंडच्या बोरेलने 1879 मध्येच केबलवर शिशाचं सलग आवरण दाबून चढवायचं यंत्र काढलं होतं. तेलात मुरवलेला कागद, वर शिसं, त्यावर डांबरी ताग आणि पोलादी पट्टी, ही रचना विसाव्या शतकाचा मोठा काळ जगभरच्या शहरांखाली राबली. 1960 नंतर कागदाची जागा हळूहळू खास प्लॅस्टिकने घेतली.

जोडाचं दुखणं मात्र संपलेलं नाही. आपल्याकडे भर पावसात रस्ता खणून वीज कर्मचारी जो फॉल्ट शोधतात, तो अनेकदा ओल शिरलेला जोडच असतो. केबल कितीही भारी घ्या, जोड मारणारा हात कुशल नसेल तर पैसे पाण्यात.