पित्त घराण्यातलं, की स्वयंपाकघरातलं?

अमेरिकेत नोव्हेंबरात ‘गर्ड’ (पोटातलं आम्ल अन्ननलिकेत उलटण्याचा विकार) जागृती सप्ताह असतो. छातीतली जळजळ, करपट ढेकर आणि उपाशीपोटी घ्यायची गोळी मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच, की ‘आमच्या घराण्यातच पित्त आहे’ हे कितपत खरं?

काही अंशी. स्वीडनमधल्या जुळ्यांच्या २००२ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३१ टक्के निघाला, तर पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश अभ्यासात ४३ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक भाग जनुकांबाहेरचा. अर्थात रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवं होणं हीसुद्धा वडिलोपार्जित इस्टेटच.

गंमत पुढे आहे. आम्लाच्या सततच्या माऱ्याने अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेटचा विकार म्हणतात. त्याच्याशी जोडलेली फॉक्सएफ१, बार्क्स१ ही जनुकं आम्ल बनवणारी नाहीतच. गर्भात अन्ननलिका घडवण्यात त्यांचा हात असतो. आजोबांकडून ‘जास्त अ‍ॅसिड’ आलं असं आपण समजतो. आली असेल ती बहुधा नळीची घडण.

जनुक खरोखर हुकूम चालवतं तेव्हा काय होतं, ते लिव्हरपूलमध्ये दिसलं. १९५८ मध्ये तिथल्या दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तळहात-तळपायांची कातडी जाड झालेल्या सदस्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांना पासष्टीपर्यंत अन्ननलिकेचा कर्करोग होईल, असा अंदाज होता. लेखकांत होते सिरिल क्लार्क. पेशाने डॉक्टर, वेड फुलपाखरं पाळण्याचं. त्या छंदातूनच ते आनुवंशशास्त्रात शिरले आणि पुढे आरएच रक्तगटामुळे दगावणारी बाळं वाचवणाऱ्या इंजेक्शनच्या शोधात अग्रभागी राहिले. त्या कुटुंबांतलं सदोष जनुक, आरएचबीडीएफ२, हाती लागायला २०१२ उजाडलं. हा कर्करोग मात्र आम्लपित्तातून येणारा नव्हे, आणि अशी कुटुंबं जगभरात मोजकीच.

नेहमीच्या जळजळीत असा एक खलनायक नसतो. डझनावारी जनुकं, प्रत्येकाचा धक्का चिमूटभर, आणि त्यांतली काही स्थूलतेशीही नातं सांगणारी. त्यामुळे जनुकचाचणीसाठी थुंकीची नळी पाठवून ‘तुमचा अ‍ॅसिडिटीचा धोका’ विकत घेणं मला तरी पैशांची नासाडी वाटते.

वडिलांना किंवा भावंडांना बॅरेट किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगावं. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत जुनाट जळजळीच्या जोडीला पन्नाशी, पुरुष असणं, लठ्ठपणा, धूम्रपान यांच्या रांगेत हा इतिहासही मोजला जातो. यांतली तीन कारणं जुळली, की तिथले डॉक्टर दुर्बिणीने तपासणी सुचवतात.