विश्लेषण : वेबसाइट तुमची, पण डोमेन कोणाच्या नावावर? डिझायनर निवडण्याआधी हे तपासा

वैनगंगेकाठचे घाट, जुना किल्ला, जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. भंडारा जिल्ह्यातील पवनीला येणारा पर्यटक मुक्कामाची सोय आधी मोबाइलवर शोधतो. त्यामुळे होमस्टे किंवा हॉटेल चालवणाऱ्याला वेबसाइट करून घ्यावीशी वाटते. डिझायनरला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती घेणार?’ पण त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

डोमेन कोणाच्या नावावर?

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतो आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. अनेकदा डिझायनर स्वतःच्याच खात्यातून डोमेन घेतो. उद्या त्याने काम सोडले किंवा वाद झाला, तर फलकावर आणि कार्डावर छापलेला पत्ता त्याच्याच ताब्यात राहतो. म्हणून डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक देऊन नोंदवा. ते आधीच डिझायनरच्या नावावर असेल, तर संबंध चांगले असतानाच बदलून घ्या.

पैसे दिले की साइट आपली?

आपोआप नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार पगारी कर्मचाऱ्याने केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाचा असतो. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या कामाचा पहिला हक्क मात्र साधारणपणे त्याचाच. तो तुमच्याकडे यायचा तर लेखी हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. एका पानाचा करार असला तरी मुदत स्पष्ट लिहा.

जुने काम कसे तपासावे?

डिझायनरने केलेल्या तीन साइट मागा. त्या वायफायवर नव्हे, मोबाइल डेटावर उघडा. फोन क्रमांकावर बोट ठेवताच कॉल लागतो का, ते पाहा. गूगलही साइटची मोबाइल आवृत्तीच तपासते. त्या साइटच्या मालकांना फोन करून एकच विचारा : काम झाल्यावर डिझायनर फोन उचलतो का?

कोटेशनमध्ये काय हवे?

डिझाइन, डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. पहिल्या वर्षाचा आणि पुढील वर्षांचा दरही विचारा. सुरक्षा प्रमाणपत्राचे वेगळे पैसे लावले असतील तर कारण विचारा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ते मोफत देते. ‘गूगलवर पहिला क्रमांक’ अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते.

पावसाळ्यात सफारी बंद होते, हंगामानुसार खोल्यांचे दर बदलतात. असा मजकूर मालकाला स्वतः बदलता यावा, हे कामाच्या अटींतच घाला.

शेवटचा हप्ता कधी?

डोमेन, होस्टिंग आणि अ‍ॅडमिन यांचे लॉगिन व संपूर्ण बॅकअप हाती आल्यावर. आधी पासवर्ड बदला, स्वतः लॉगिन करून पाहा आणि मगच उरलेली रक्कम द्या.