कानपूरच्या भंगारातून मानवंदनेच्या आकाशात

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनाचा मुख्य सोहळा मालवणला झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर गर्दी, समोर सिंधुदुर्ग किल्ला, पाण्यात युद्धनौकांची रांग आणि डोक्यावरून कानठळ्या बसवत जाणारी मिग-29के विमाने. 1971 साली याच तारखेच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळला जातो. मानवंदना होती त्या लढवय्यांना. आकाशात होती ती मात्र सगळी आजची विमाने. त्यात वावगे काहीच नाही. नौदलाने आजचे बळ दाखवायलाच हवे. पण ऐंशी पार केलेल्या माजी सैनिकाला त्याने तरुणपणी स्वतः हाताळलेले यंत्र पुन्हा उडताना दिसते, ती मानवंदना काही और असते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहराजवळ, 18 एप्रिल 2012 रोजी अशी मानवंदना दिली गेली. दुसऱ्या महायुद्धातील 20 बी-25 बॉम्बर विमाने एकत्र आकाशात उडाली. बरोबर सत्तर वर्षांपूर्वी, 1942 साली, जेम्स डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली 80 जण अशाच 16 विमानांतून हॉर्नेट या विमानवाहू नौकेवरून निघाले होते आणि त्यांनी टोकियोसह जपानी शहरांवर बॉम्ब टाकले होते. त्या 80 पैकी 2012 साली पाच जण हयात होते आणि त्यातले चौघे या सोहळ्याला हजर होते. या मंडळींची एक रीत होती. प्रत्येकाच्या नावाचा चांदीचा पेला ठेवलेला असे. जो गेला त्याचा पेला पालथा केला जाई. सर्वांत शेवटी गेले ते डूलिटल यांच्याच विमानातले सहवैमानिक रिचर्ड कोल, 2019 साली, वयाच्या 103 व्या वर्षी.

असे उड्डाण जमवून आणणे किती जिकिरीचे असते, ते सुरुवातीलाच कळते. या विमानांच्या इंजिनांत सिलिंडर वर्तुळाकार मांडलेले असतात. विमान काही दिवस उभे राहिले, की वंगणाचे तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच बटण दाबले तर पिस्टन त्या तेलावर आपटतो आणि आतला दांडा वाकतो. म्हणून आधी माणसे रांगेने येतात आणि पंख्याचे एकेक पाते हाताने ओढून फिरवतात, रापणीचा दोर ओढावा तसा अंगाचा भार टाकून. कुठे अडल्यासारखे वाटले तर थांबायचे, जोर करायचा नाही. मग निळ्या-पांढऱ्या धुराचा लोट सोडत एकेक इंजिन सुरू होते आणि तेल गरम होईपर्यंत सगळे वाट पाहत राहतात. आकाशात गेल्यावरही मागच्या वैमानिकाची नजर पुढच्या विमानावरून हलत नाही. पुढच्याच्या पंख्यांनी घुसळलेल्या हवेत तो सापडला, तर एवढे धूड सावरायला मदत करणारी आधुनिक यंत्रणा नसते. तारांनी जोडलेले सुकाणू मनगटाच्या आणि पायाच्या जोरावरच वळवावे लागते.

या जुन्या बॉम्बर विमानांच्या गोष्टीत आपला वाटा फार मोठा आहे. तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

बी-24 लिबरेटर हे चार इंजिनांचे, 110 फूट पंखविस्ताराचे अमेरिकन बॉम्बर. युद्धात अशी 18 हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. ब्रिटिश हवाई दलाला ती उसनवारीच्या कराराने मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची, अशी अट होती. भारतातली लिबरेटर विमाने कानपूरला गोळा झाली आणि तिथे त्यांची पद्धतशीर मोडतोड झाली. कुदळींनी पत्रे फोडले, इंजिनांत वाळू ओतली, उपकरणांचा चुरा केला. पुन्हा कोणी उडवू नये, हाच हेतू.

1947-48 च्या काश्मीर युद्धात हवाई दलाला जड बॉम्बर विमानांची निकड भासली. परकीय जाणकारांनी कानपूरचा ढिगारा पाहून हे काम होण्यासारखे नाही असे सांगितले. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या, म्हणजे आजच्या एचएएलच्या, माणसांनी ते हाती घेतले. एका विमानाचे शेपूट, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन, असे जुळवत एकेक सांगाडा बंगळुरूपर्यंत उडण्यापुरता उभा केला. खरी दुरुस्ती तिथे व्हायची होती. मधला प्रवास पार पाडला कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. या विमानाचे रीतसर प्रशिक्षण त्यांना मिळाले नव्हते. माहितीपुस्तिका वाचून त्यांनी ते शिकून घेतले आणि चाळीसच्या आसपास विमाने एकामागून एक बंगळुरूला सुखरूप नेली. अर्धवट सांधलेल्या विमानातून कानपूर ते बंगळुरू! युद्धातल्या कुठल्याही पराक्रमाच्या शेजारी मी हे काम ठेवीन. नोव्हेंबर 1948 मध्ये या विमानांवर हवाई दलाची 5 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली.

पुढचा भाग आपल्या अंगणातला आहे. 1951 साली पुण्यात 6 क्रमांकाची स्क्वाड्रन लिबरेटर विमानांवर नव्याने उभी केली गेली आणि तिला समुद्रावरच्या टेहळणीचे काम दिले. पुण्याहून अरबी समुद्राकडे जायचे, तर सह्याद्री आणि कोकणपट्टी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. पश्चिम किनाऱ्यावर अशी गस्त वर्षानुवर्षे चालू राहिली. जगभर बहुतेक लिबरेटर केव्हाच भंगारात गेले होते. भारतात ते 1968 पर्यंत सेवेत होते. समुद्रावरच्या टेहळणीचे काम पुढे 1976 साली नौदलाकडे गेले.

या किनाऱ्याने दुसरी बॉम्बर विमानेही पाहिली. 18 डिसेंबर 1961 रोजी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, पुण्याहून निघालेल्या 12 कॅनबेरा विमानांनी गोव्यात दाभोळीची धावपट्टी उखडली. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर विमाने बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर गेली. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तेव्हा सैन्याचा तळ पडला होता. कॅनबेरा पुढे 1971 मध्येही लढले आणि पन्नास वर्षांच्या सेवेनंतर 11 मे 2007 रोजी निवृत्त झाले.

लिबरेटर निवृत्त झाले तेव्हा जगातल्या संग्रहालयांना जाग आली, कारण उडण्याजोगी लिबरेटर आता मुख्यतः भारतातच उरली होती. एक विमान 1969 साली भारतातून उडतच ॲरिझोनातील पिमा संग्रहालयात गेले. एक ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाला मिळाले, एक कॅनडाला. 1981 मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने नेलेले विमान पुढे अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने विकत घेतले, ते खिळ्यान् खिळा तपासून 1989 साली उडते केले आणि अनेक वर्षे गावोगाव फिरवले; पुढे त्याला ‘विचक्राफ्ट’ हे नाव दिले. शेकडो वृद्ध अमेरिकन सैनिक काठी टेकत त्याच्या पोटाखालून आत शिरले आणि आपल्या जुन्या जागेवर बसले. उडत्या स्थितीत या शतकापर्यंत पोहोचलेली लिबरेटर जेमतेम दोन. त्यातले हे एक कानपूरच्या ढिगाऱ्यातून उठलेले. आपल्याकडे राहिलेले एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे.

जुने विमान उडवत ठेवण्याची किंमत मात्र पैशातच मोजून भागत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये याच कॉलिंग्ज फाउंडेशनचे बी-17 बॉम्बर कनेक्टिकटमध्ये कोसळून सात जण दगावले. नोव्हेंबर 2022 मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात बी-17 आणि एक लढाऊ विमान आदळून सहा जणांचा जीव गेला. ही विमाने जमिनीवरच जपावीत असे म्हणणाऱ्यांचे मला पटते. उडवावीत असे म्हणणाऱ्यांचेही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण प्रवासी न घेता, मोजक्याच वेळा आणि समुद्रावरून.

भारतीय हवाई दलाकडे जुनी विमाने उडती ठेवणारी ‘व्हिंटेज फ्लाइट’ ही तुकडी आहे. तिच्यातले डाकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून भेट दिले आणि ते एप्रिल 2018 मध्ये उडत भारतात आले. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटांच्या स्मरणार्थ त्यावर व्हीपी905 हा क्रमांक आहे आणि नाव आहे ‘परशुराम’. डाकोटाची दोन आणि लिबरेटरची चार इंजिने एकाच ट्विन वास्प घराण्यातली. म्हणजे जमशेद मुन्शींच्या कानात जो आवाज घुमला असेल, त्याच जातीचा आवाज आजही ऐकता येतो.

परशुरामाच्या भूमीत हे विमान आणणे अवघड नाही. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. डाकोटाला ती पुरून उरते. पुढे कधी मालवणच्या समुद्रावर असा सोहळा झाला, तर आधुनिक विमानांच्या आधी ‘परशुराम’ किल्ल्यावरून जाऊ द्यावे आणि खाली पहिल्या रांगेत जुनी गस्त घातलेली माणसे बसवावीत. सिंधुदुर्गात सैन्यातून आणि नौदलातून निवृत्त झालेल्यांची घरे गावागावांत आहेत. 1968 साली लिबरेटरच्या शेवटच्या गस्तीवर पंचविशीतला जो कोणी असेल, तो आज ऐंशीच्या पुढे आहे. विमान आणायला परवानग्या लागतील, वेळ लागेल. या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला फक्त एक फोन आणि मोकळी दुपार पुरते. ते काम याच दिवाळीत सुरू करता येईल.