पहिल्या ‘हापूस’ राजाच्या गावी

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा आणि युरोपच्या अगदी डाव्या टोकाला बोट ठेवा. समुद्राकडे तोंड करून बसलेला एक चिंचोळा देश दिसेल. तो पोर्तुगाल! इतिहासाच्या पुस्तकात हा देश आपल्याला नेहमी जहाजात बसूनच भेटतो. १४९८ मध्ये वास्को-द-गामा कालिकतला आला, १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झालं. पण हे पोर्तुगीज मुळात आले कुठून? त्यांचं स्वतःचं राज्य कसं उभं राहिलं?

ते पाहायला आम्ही एक दिवस काढला. आम्ही म्हणजे मी, आठवीतला माझा मुलगा आणि सहावीतली माझी भाची. पोर्तो शहरातून सकाळी आठला सहलीची छोटी बस निघते, गिमाराइंश आणि ब्रागा ही दोन जुनी शहरं दाखवते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. बरोबर गाईड असतो. आमच्या गाईडबाई उंच, हसऱ्या आणि हातात पिवळी छत्री घेतलेल्या. पाऊस नव्हता, छत्री होती ती गर्दीत आम्हाला दिसावी म्हणून!

वहीची दोन पानं

बस सुटल्याबरोबर बाईंनी माईक हातात घेतला. रोमन लोकांच्या काळी इथे दोरो नदीच्या मुखाशी ‘पोर्तुस काले’ नावाचं बंदर होतं. त्यावरून भोवतालच्या मुलखाला ‘पोर्तुकाले’ नाव पडलं आणि त्याचंच पुढे झालं ‘पोर्तुगाल’.

गाईडची गोष्ट ऐकताना एक गंमत होते. खरा इतिहास आणि दंतकथा दोन्ही एकाच सुरात सांगितल्या जातात, आणि आपण दोन्हींना मान डोलावतो. म्हणून मी मुलांना एक वही दिली. डाव्या पानावर लिहायचं ‘म्हणतात’, उजव्या पानावर ‘नक्की’. ऐकलेली प्रत्येक गोष्ट कुठल्या पानावर जाते, ते ठरवायचं.

‘‘आणि कळलं नाही तर?’’ भाचीने विचारलं.

‘‘तर बाईंना विचारायचं. त्यासाठीच तर त्या आल्यात!’’

एवढाच किल्ला?

तासाभरात गिमाराइंश आलं. चौकातल्या जुन्या तटावर मोठी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ : ‘इथे पोर्तुगाल जन्मला.’ अरुंद फरसबंदी गल्ल्या, लाकडी सज्जे, सज्ज्यांत फुलांच्या कुंड्या. शहराचा हा जुना भाग २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

टेकडीवर किल्ला आहे. दातेरी तट, बुरूज आणि मधोमध उंच चौकोनी मनोरा. रायगड, राजगड चढलेला माझा मुलगा म्हणाला, ‘‘आई, एवढाच?’’ खरंच, आपल्या गडांपुढे तो लहानखुराच. पण तो बांधून घेतला एका बाईने, बरं का! दहाव्या शतकात मुमादोना दियाश नावाची एक विधवा सरदारीण इथे होती. तिने मठ स्थापन केला आणि समुद्रातून येणाऱ्या लुटारूंपासून त्याचं रक्षण व्हावं म्हणून वर हा किल्ला उभारला.

खाली राजा अफोन्सो हेन्रिकेश यांचा पुतळा आहे, हातात ढाल-तलवार. हेच पोर्तुगालचे पहिले राजे. नाव ऐकल्याबरोबर भाचीचे डोळे चमकले. ‘‘मावशी, हापूस आंब्याचं नाव अफोन्सोवरूनच आलं ना?’’ हो, पण ते गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं म्हणतात. हे राजे त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधीचे. ‘‘म्हणजे हा पहिला हापूस!’’ असं म्हणत तिने डाव्या पानावर आंबा काढला.

शेजारी एक छोटं दगडी प्रार्थनाघर आहे. आत दगडी कुंड. ‘‘याच कुंडातल्या पाण्याने लहानग्या अफोन्सोचा बाप्तिस्मा झाला, असं म्हणतात,’’ बाई म्हणाल्या. मुलाने विचारलं, ‘‘हे बांधलं कधी?’’ बाई हसल्या. ‘‘तेराव्या शतकात.’’ आणि राजे वारले ११८५ मध्ये, म्हणजे बाराव्या शतकात! कुंड तडक डाव्या पानावर गेलं.

आईशीच लढाई!

आता मुख्य गोष्ट. अफोन्सोचे वडील हेन्री हे फ्रान्सकडच्या बर्गंडीहून आलेले सरदार. लिओनच्या राजाने त्यांना आपली मुलगी तेरेझा दिली आणि पोर्तुकालेचा मुलूखही दिला. १११२ मध्ये हेन्री वारले. मुलगा तेव्हा अवघा तीनेक वर्षांचा. तेरेझा स्वतः कारभार पाहू लागली आणि स्वतःला राणी म्हणवू लागली. पुढे शेजारच्या गालिसियाच्या एका बड्या सरदाराचं तिच्या दरबारात वजन वाढलं. इथले सरदार बिथरले. आपला मुलूख गालिसियाच्या घशात जाणार, असं त्यांना वाटलं आणि ते मुलाच्या बाजूला गेले. २४ जून ११२८ला गिमाराइंशजवळ सांव मामेदला लढाई झाली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांचा मुलगा. मुलगा जिंकला.

११३९ पासून तो स्वतःला राजा म्हणवू लागला. ११४३ मध्ये लिओनच्या राजाने ते मानलं आणि ११७९ मध्ये पोपनेही.

भाची गप्प झाली होती. मग हळूच म्हणाली, ‘‘मावशी, आपल्याकडे जिजाऊंनी शिवरायांना राज्य उभारायला शिकवलं. आणि याने आईशीच लढाई केली? तरी त्याचा पुतळा?’’

मी बाईंना प्रश्न समजावून सांगितला. त्यांनी छत्री मिटली. ‘‘या गावात तुम्हाला मुलाचीच बाजू ऐकू येईल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आईला भेटायला दुपारी ब्रागाला जाऊ.’’

राजवाड्यात सापडली मुंबई

किल्ल्याजवळच ब्रागान्सा घराण्याचा राजवाडा आहे, पंधराव्या शतकातला. छपरावर विटांची धुराडी इतकी की मोजता मोजता मान दुखते! आत भिंतभर विणलेले पडदे आहेत. १४७१ मध्ये पोर्तुगिजांनी आफ्रिकेतलं तांजिये शहर घेतलं, त्या मोहिमेची चित्रं त्यांवर विणली आहेत. हे पडदे मात्र नकला आहेत. अस्सल स्पेनमध्ये आहेत. (उजवं पान!)

याच ब्रागान्सा घराण्याची राजकन्या कॅथरीन. १६६१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी तिच्या लग्नाचा करार झाला. हुंड्यात काय काय दिलं, ठाऊक आहे? एक तांजिये आणि दुसरी आपली मुंबई! तिथे राहणाऱ्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना कुणी विचारलं का? छे! दूरच्या दरबारात कागदावर सही झाली आणि बेटं एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

ताटातले ओळखीचे शब्द

जेवायला गावच्या खाणावळीत ‘काल्दु वेर्द’ मागवलं. हे हिरवं सूप बटाट्याचं आणि बारीक चिरलेल्या पाल्याचं असतं. त्यात मांसाच्या सॉसेजचा तुकडा घालतात, तो आम्ही आधीच सांगून वगळला. बटाट्याला तिथे काय म्हणतात? ‘बताता’! पाल्याचं नाव ‘कोव्ह’. आपला कोबी त्याच नावाचा भाऊ. सोबत ‘पांव’ आलाच. मुलांनी चंगच बांधला : साबण, चावी, बादली, अननस, काजू, तंबाखू, पाद्री... यादी संपेना. शेजारच्या टेबलावरचे आजोबा प्रत्येक शब्दाला मान हलवून दाद देत होते.

आईची बाजू

तिथून ब्रागा पंचवीसेक किलोमीटरवर. हे रोमनांनी वसवलेलं, दोन हजार वर्षांचं शहर. इथल्या मोठ्या चर्चचं पूजन १०८९ मध्ये झालं, म्हणजे पोर्तुगालचं राज्य सुरू व्हायच्याही आधी. एखादी गोष्ट फार जुनी असली की पोर्तुगीज लोक म्हणतात, ‘ब्रागाच्या चर्चपेक्षा जुनी’!

चर्चला लागून राजांचं प्रार्थनाघर आहे. तिथे दोन दगडी थडगी : हेन्री आणि तेरेझा. लढाईनंतर दोनच वर्षांनी, ११३० मध्ये, तेरेझा गेली. नवऱ्याशेजारी ती इथे विसावली आहे.

बाई हलक्या आवाजात बोलू लागल्या. ‘‘नवरा गेला तेव्हा ही तरुण होती. पदरात लहान मुलं. एका बाजूला बहिणीचं राज्य, दुसऱ्या बाजूला मूर सैन्य. तरी सोळा वर्षं हिने मुलूख सांभाळला. हिने तो राखला नसता, तर मुलाला जिंकायला उरलं काय असतं?’’

मग त्यांनी दंतकथा सांगितली. मुलाने आईला बेड्या घालून कोंडलं, तेव्हा तिने शाप दिला की तुझेही पाय असेच मोडतील. आणि पुढे ११६९ मध्ये बादाजोसच्या लढाईत राजाचा पाय खरंच मोडला!

दोन्ही मुलं वहीवर वाकली. पाय मोडला, हे उजव्या पानावर. शाप डाव्या पानावर. ‘‘आणि तिने सोळा वर्षं राज्य सांभाळलं, ते?’’ मी विचारलं. भाचीने उजव्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात घंटा वाजू लागल्या. माझा मुलगा म्हणाला, ‘‘आई, बाईंना नारोशंकराच्या घंटेचं सांगू?’’ आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यानेच सांगितलं : मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आणल्या. त्यातली एक आजही नाशिकला नारोशंकर मंदिरात आहे. गोव्यात पोर्तुगिजांनी देवळं पाडली, १५६० पासून धर्माच्या नावाने लोकांवर खटले चालवले, तेही त्याने सांगितलं. मी जरा अवघडले. पाहुण्याने यजमानाला असं ऐकवावं का?

बाईंनी पिशवीतून वही काढली. ‘‘घंटेची गोष्ट माझ्या कागदांत नव्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘देवळाचं नाव पुन्हा सांग. सावकाश.’’ आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

पाण्यावर चालणारी गाडी

शेवटचा मुक्काम शहराबाहेरच्या टेकडीवर, ‘बोम जेझुश’ला. ‘‘हे तर जुन्या गोव्यात आहे!’’ भाची ओरडली. बरोबर, तिथल्या प्रसिद्ध चर्चचंही हेच नाव. इथे टेकडीवर नागमोडी जिना आहे, साडेपाचशेहून जास्त पायऱ्यांचा. वाटेत पाच ज्ञानेंद्रियांची कारंजी लागतात. एका मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येतं, एकीच्या कानांतून, एकीच्या चक्क नाकातून! मुलं हसून हसून पायऱ्यांवर बसली.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी १८८२ पासून एक गाडी आहे. तिला ना इंजिन, ना वीज! विहिरीच्या रहाटावर दोरीच्या दोन टोकांना दोन बादल्या असतात, तसे इथे तारदोराला दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात. तो जड होऊन खाली उतरतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली पोचला की पाणी सोडून देतात. उतार २७४ मीटरचा. सव्वाशेहून अधिक वर्षं ही युक्ती चालू आहे. आम्ही चढलो पायऱ्यांनी आणि उतरलो गाडीने.

परतीच्या वाटेवर

बसमध्ये भाची माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, ‘‘मावशी, आपण फक्त सकाळचंच गाव पाहून परत गेलो असतो तर?’’

तर आम्हाला एक शूर राजा भेटला असता आणि त्याची आई वाईट वाटली असती. दुपारी दुसरं गाव पाहिलं म्हणून गोष्ट पुरी झाली. आणि बाईंनाही, आम्ही गेलो नसतो, तर घंटेची गोष्ट कळली नसती.

पोर्तोला उतरताना बाईंनी मुलांशी हात मिळवला. मुलं म्हणाली, ‘‘ओब्रिगादु’’, ‘‘ओब्रिगादा.’’ म्हणजे आभारी आहोत. मुलाने पहिला शब्द म्हणायचा, मुलीने दुसरा!

तुम्हीही करून पाहा

पोर्तुगाल लांब आहे. पण वसई, रेवदंडा, चौल, जुनं गोवं किंवा तुमच्या शाळेची किल्ल्यावरची सहल जवळच आहे. जाताना एवढं करा :

• वहीची दोन पानं आखा : ‘म्हणतात’ आणि ‘नक्की’.

• गाईडला निदान दोन प्रश्न विचारा : ‘हे कधी बांधलं?’ आणि ‘हे कशावरून कळतं?’

• जो जिंकला त्याची गोष्ट ऐकलीत की जो हरला त्याची मागा.

• पाण्याची बाटली, टोपी आणि न चावणारे बूट विसरू नका.

• दंतकथेला हसू नका. तीही लिहून ठेवा. फक्त डाव्या पानावर!