घड्याळाच्या आधाराने

सकाळी साडेसहा. गजर घड्याळाचा, मोबाइल रात्रभर स्वयंपाकघरात चार्जिंगला. डोळे उघडताच मनात येतं, आज काही नको. नैराश्य सौम्य असलं तरी अनेकांना सकाळच जड जाते. त्या वेळी मनाची समजूत काढत बसलं की तास हातचा जातो. म्हणून आधी पांघरुणाची घडी, मग तोंड धुणं. माझा सगळा दिवस या एकाच गोष्टीवर उभा आहे: घड्याळ बघून कामाला लागायचं, उत्साह मागून आला तर येऊ दे.

सात. पर्वतीचा पायथा. शेजारच्या काकू थांबलेल्या असतात. एकटीनं जायचं तर मी कितीदा तरी टाळलं असतं. कुणी वाट बघतंय म्हटलं की पाय आपसूक चपलेत जातात. "चल गं, ऊन चढायच्या आत," एवढंच त्या म्हणतात. १०३ पायऱ्या. बोलणं झालं तर झालं. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ ताळ्यावर राहतं, रात्री झोप वेळेवर येते. म्हणून पावसातही छत्री घेऊन निघतो.

नऊ. आंघोळ, पोहे. भूक नसली तरी वाटीभर खाते.

दहा. मी मुद्रितशोधक, प्रुफं घरीच तपासते. लक्ष लागत नसताना तीनशे पानांचा गठ्ठा बघूनच छाती दडपते. म्हणून टेबलावर एकच फॉर्मा, सोळा पानं, बाकी कपाटात. ओळीखाली पट्टी धरायची, लाल पेनानं 'कि'चा 'की' करायचा, समासात खूण करायची, पट्टी खाली सरकवायची. चार पानं झाली की उठून पाणी प्यायचं. एकच वाक्य तीनदा वाचूनही डोक्यात शिरलं नाही, तर मजकूर बाजूला ठेवून पानक्रमांक आणि अनुक्रमणिका जुळवते. तेही कुणीतरी करायलाच हवं असतं, आणि त्या दिवशी ते पूर्ण होतं.

दीड. जेवण. नंतर वीस मिनिटं पडायचं, त्याहून जास्त नाही.

साडेतीन. दिवसातली सर्वांत अवघड वेळ. प्रकाशकांचा निरोप येतो, 'प्रुफं बघून कळवतो.' मन लगेच वाचतं: काम आवडलेलं नाही, पुढचं पुस्तक मिळणार नाही, तुला काही येतच नाही. अशा वेळी वही काढते. काय घडलं, मी त्याचा काय अर्थ लावला, त्या अर्थाला पुरावा काय. घडलं एवढंच असतं, की त्यांनी अजून प्रुफं बघितलेली नाहीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. वहीतला हा धडा तिथलाच. लिहिल्यावर दुःख पळून जात नाही, पण पुढचं पान तपासता येण्याइतकी जागा डोक्यात होते. माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

साडेपाच. तपासलेला फॉर्मा छापखान्यात नेऊन देते, चालत. येताना भाजी.

आधी कृती, मग मन, हे मी माझ्या मनानं ठरवलेलं नाही. गोव्यातल्या 'संगथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकरवी नैराश्यग्रस्तांना हेच शिकवलं: रोजच्या जगण्यात छोट्या, अर्थपूर्ण गोष्टी पुन्हा सुरू करा. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्यांना अधिक आराम पडला, असे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथले रुग्ण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त त्रासात होते, तरी त्यांना फरक पडला, हे वाचून मला मोठा धीर आला.

आठ. आईचा फोन. "बरी आहेस ना गं?" पूर्वी 'हो' म्हणून विषय बदलायचे. आता सांगते, "आज दुपार जड गेली, आई." ती उपाय सांगत नाही. आमटीत काय घातलं ते विचारते, आणि आम्ही बोलत राहतो.

दहा. उद्याची सोळा पानं टेबलावर, पट्टी त्यांच्यावर. झोप आलीच नाही तर तळमळत न पडता खुर्चीत बसते, डोळे जडावले की परत अंथरुणावर.

या सवयी सौम्य नैराश्यापुरत्या. उदासी दोन आठवडे हटत नसेल, रोजची कामं अडत असतील, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.